व्यसन सोडणाऱ्या स्त्रीच्या जेवणाचा आणि खर्चवहीचा प्रश्न

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन आणि २६ जून रोजी अमली पदार्थविरोधी दिन येतो. त्या निमित्ताने आपल्या शहरात फेऱ्या निघतात, शाळांमधून शपथा घेतल्या जातात आणि आपले दैनिक त्यांची दखलही घेते. या कार्यक्रमांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु जी स्त्री उपचार घेऊन, व्यसन सोडून घरी परतली आहे, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी काय खावे आणि आठवड्याचा पगार हातात आल्यावर तो कसा खर्च करावा, हे तिला कोणी शिकवते का, हा प्रश्न मला आपल्या वाचकांपुढे ठेवायचा आहे. मी गृहविज्ञानाची निवृत्त शिक्षिका आहे आणि व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या काही स्त्रियांबरोबर स्वयंपाक व घरखर्च या दोन विषयांवर काम करते. या कामातून माझे ठाम मत झाले आहे की, आहार आणि हिशेब यांचे प्रत्यक्ष शिक्षण हा स्त्रियांच्या व्यसनमुक्ती उपचाराचाच भाग असायला हवा, आणि केंद्रातून घरी पाठवल्यानंतरही ते काही महिने चालू राहायला हवे.

स्त्रियांमध्ये व्यसन असते तरी किती, असे काही जण विचारतील. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के लोक मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. हा दुसरा आकडा लहान दिसतो आणि त्याच्याच आधारे बहुतेक केंद्रे पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून उभी राहतात. तंबाखूचे चित्र मात्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, असे आढळले. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतीत, चार घरे फिरलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. येथील हजारो स्त्रिया दिवसभर मांडीवर सूप घेऊन तंबाखूत हात घालून बसतात. त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी मिश्री, म्हणजे दातांना लावायची तव्यावर भाजलेली तंबाखू, असते, आणि मान, पाठ, बोटे यांच्या दुखण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही असतात. काही वस्त्यांमध्ये हातभट्टी आणि शिंदी स्त्रियांपर्यंतही पोहोचली आहे. बाई पिते ही गोष्ट घरात शक्य तितकी दडवली जाते, आणि म्हणून ती उपचारापर्यंत उशिरा येते, तीही बहुधा शरीर पार खंगल्यावर.

मिश्रीपासून सुरुवात करते, कारण तिला व्यसन मानायलाच घरचे तयार नसतात. सकाळी उठल्याबरोबर मिश्री, मग चहा, मग काम, असा ज्या स्त्रीचा दिवस सुरू होतो, तिला दुपारपर्यंत भूक जाणवत नाही. तंबाखूतील निकोटीन भूक मारते. अर्धी भाकरी खाऊन काम उरकता येणे ही गरिबीत सोय वाटते, आणि ही सोयच तिला अशक्त करत जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात भुकेची जाणीवच दाबून टाकणारी सवय जडली, तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. मिश्री सोडल्यावर पहिल्या आठवड्यांत जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, ती म्हणजे पोट साफ न होण्याची. ही तक्रार खरी असते. निकोटीनमुळे आतड्यांना चालना मिळते आणि ते बंद झाले की बद्धकोष्ठता होते. ‘मिश्रीशिवाय पोटच साफ होत नाही’ असे म्हणत अनेक जणी पुन्हा डबी उघडतात. अशा वेळी निग्रहाचे धडे देण्याऐवजी सकाळी दोन तांबे पाणी, ज्वारीची भाकरी, रोज एक पालेभाजी आणि साल न काढलेली कडधान्ये यांची सवय लावून दिली, तर परत जाण्याचे निदान एक कारण तरी कमी होते. आपल्या ज्वारीत तंतुमय भाग भरपूर असतो, ही गोष्ट येथे औषधासारखी उपयोगी पडते.

मद्याच्या बाबतीत प्रकरण अधिक गंभीर आहे. मद्यातून शरीराला उष्मांक मिळतात, म्हणून भूक भागल्यासारखी वाटते; पण त्यात प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, लोह नाही. त्याखेरीज जे थोडे खाल्ले जाते, त्यातील बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, आतड्यांतून शोषले जाण्यातही मद्य अडथळा आणते. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. तो संपला की चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, संभ्रम होतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास स्मरणशक्तीची कायमची हानी होते. हे उपचार डॉक्टरांचे आहेत, घरच्या जेवणाने ते होत नाहीत, आणि रोज पिणाऱ्या व्यक्तीने वैद्यकीय देखरेखीशिवाय एकाएकी दारू बंद करणेही धोक्याचे असते, हे मी प्रत्येक वर्गात आधी सांगते. माझा मुद्दा त्यानंतरच्या काळाचा आहे. डॉक्टरांनी इंजेक्शने देऊन स्त्रीला सावरले, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवले. घरी मात्र तिला पुन्हा चहा-बटर आणि रात्रीचा रेशनचा भात एवढेच मिळाले, तर ते सावरणे किती दिवस टिकेल?

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे लोक भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून जपायला सांगतात, कारण यांपैकी एखादी अवस्था अंगावर आली की ओढ अनावर होते. यांतील भूक ही तेवढी आधीपासून सोय करून टाळता येते. सुरुवातीच्या महिन्यांत जेवणाच्या वेळा चुकल्या की हात थरथरतात, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते, आणि ही भूक आहे की दारूची तलफ आहे, हे त्या स्त्रीलाही कळत नाही. म्हणून दर तीन-चार तासांनी थोडे काहीतरी पोटात जावे, हा आमचा पहिला पाठ असतो. त्यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. पहिल्या दिवसांत पोटाला जळजळ असते, तेव्हा ज्वारीची आंबील, ताक, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, उकडलेले अंडे असा आहार चालतो, आणि तिखटजाळ कालवण काही दिवस बाजूला ठेवावे लागते. नंतर भाकरीबरोबर शेंगाचटणी आलीच पाहिजे, तिखट जरा कमी घालून. शेंगदाण्यांत सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात, शिवाय त्यांत थायमिनही असते. पूर्ण धान्ये, कडधान्ये आणि तीळ यांतूनही ते मिळते. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, शेपू, मेथी आणि तेलुगू घरांमध्ये जिव्हाळ्याने केली जाणारी अंबाडी हे सारे आपल्याकडे मिळणारे आणि परवडणारे पदार्थ आहेत. जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, एवढ्या दोन गोष्टींनीही अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. कडक भाकरी तर कित्येक दिवस टिकते. कामावर जाणाऱ्या, संध्याकाळी चुलीपुढे उभे राहण्याची ताकद नसलेल्या स्त्रीसाठी डब्यात भाकरी आणि चटणी तयार असणे हाच मोठा आधार आहे.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या बायकांना स्वयंपाक शिकवायचा कशाला? हा आक्षेप रास्त आहे. या स्त्रियांना भाकरी थापता येते, आणि त्यांच्यापैकी कित्येक जणी माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतात. त्यांच्याकडे कमी असते ती स्वतःसाठी जेवण्याची सवय. नवरा, मुले, सासू-सासरे जेवल्यावर जे उरेल ते खायचे, आणि उरले नाही तर चहावर भागवायचे, ही रीत लहानपणापासून अंगात मुरलेली असते. व्यसनाच्या काळात घरच्यांनी ‘हिला जेवायला घालून काय उपयोग’ असे ऐकवलेले असते आणि तिलाही ते पटलेले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाच्या २,००० उष्मांकांच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३५ ग्रॅम शेंगदाण्यांसारख्या तेलबिया व सुकामेवा सुचवला आहे. हे वाचून दाखवले की बायका हसतात, कारण एवढी भाजी कित्येकदा त्यांच्या सगळ्या घराला मिळून येते. म्हणून आम्ही उलट बाजूने सुरुवात करतो: घरात आज जे शिजणार आहे, त्यातून स्वतःची वाटी आधी भरून बाजूला ठेवायची. एवढी एक कृती करायलाही सुरुवातीला संकोच वाटतो. म्हणूनच सासूला किंवा मोठ्या जावेला एकदा तरी वर्गात बोलवावे, असा माझा आग्रह असतो. ही वाटी म्हणजे औषधाचा डोस आहे, असे त्यांनी ऐकले की घरातला विरोध बराच मावळतो.

आता पैशांकडे वळते, आणि मला याच भागाबद्दल अधिक बोलायचे आहे, कारण आहारावर बोलणारे तरी काही लोक आहेत. व्यसन सोडलेल्या बाईच्या हातातील पैशाबद्दल कोणीच बोलत नाही. पगाराचा दिवस हा तिच्यासाठी आठवड्यातील सर्वांत जोखमीचा दिवस असतो. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी असो, विड्या वळणारी असो की चार घरची धुणीभांडी करणारी असो, रोख रक्कम हातात येणे आणि पूर्वीच्या वाटेकडे पाय वळणे यांची वर्षानुवर्षांची सांगड असते. घरच्यांनी यावर एकच उपाय शोधलेला असतो, तो म्हणजे तिच्या हातात पैसाच ठेवायचा नाही. पहिल्या काही दिवसांसाठी तो समजण्यासारखा आहे. परंतु पुढे वर्षानुवर्षे तिची कमाई परस्पर दुसऱ्याच्या हातात जात राहिली, ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे दीड हजार रुपये खात्यात जमा होताच कोणीतरी काढून आणू लागले, तर त्या स्त्रीला स्वतःच्या घरात कायमचे आरोपी म्हणून राहावे लागते, आणि अशा जिण्यात व्यसनाला परत येण्यासाठी फार मोठे निमित्त लागत नाही. पैसा पूर्ण काढून घेणे आणि पूर्ण सोपवणे यांच्यामध्ये शिकण्याचा जो टप्पा असतो, तो टप्पा आपण तिला देतच नाही.

तो टप्पा कसा असावा, हे अनुभवावरून सांगते. पगार मिळाला की त्याच दिवशी, एकटीने न जाता वर्गातल्या एखाद्या सोबतिणीबरोबर, थेट बाजारात जायचे आणि आठवड्याचा कोरडा शिधा आधी भरायचा: ज्वारी, तूरडाळ, एखादे कडधान्य, शेंगदाणे, तेल, गूळ. त्यानंतर घरभाडे, वीजबिल, बचत गटाचा हप्ता आणि मुलांच्या शाळेचा खर्च यांच्या रकमा वेगवेगळ्या पाकिटांत घालायच्या. उरलेल्या रकमेचे सात भाग करून रोजच्या भाजी-दुधाला एक भाग काढायचा. दुकानदाराकडच्या उधारीच्या वहीऐवजी आपली स्वतःची वही ठेवायची आणि तीत खर्च लिहायचा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यायचा किंवा चित्रांच्या खुणा करायच्या. सर्व व्यवहार उघड्यावर राहिल्याने घरच्यांचा विश्वासही हळूहळू परत येतो. रेशनचाही येथे विचार करावा लागतो. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. म्हणजे पोट भरण्यापुरत्या धान्याची बरीचशी सोय रेशनवर होते, पण प्रथिनांसाठी पदरचेच पैसे घालावे लागतात. रोख रकमेतून आधी डाळ, शेंगदाणे, अंडी घ्यायची, हा क्रम त्यातूनच ठरतो. व्यसनाच्या काळात ज्या घरांतून रेशनचा तांदूळ विकला गेला आहे, त्या घरांना हा क्रम नव्याने बसवावा लागतो.

व्यसन सुटले की पैसे वाचतात, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. रोज वीस रुपयांची पुडी सोडली, तर आठवड्याला एकशे चाळीस आणि वर्षाला सात हजार तीनशे रुपये होतात, हा हिशेब बरोबर आहे. आठवड्याच्या एकशे चाळीस रुपयांत सध्याच्या किरकोळ भावाने साधारण अर्धा किलो शेंगदाणे, सहा-सात अंडी आणि एखादी मेथीची जुडी येते, हेही खरे. पण प्रत्यक्षात हे पैसे क्वचितच तिच्या ताटापर्यंत पोहोचतात. ती सावरली हे कळताच जुनी देणी दारात उभी राहतात: किराणा दुकानाची उधारी, भिशीचे थकलेले हप्ते, फायनान्स कंपनीचे आठवड्याचे हप्ते, शेजारणीकडून घेतलेले उसने, आणि कधीकधी खासगी सावकार. वाचलेला प्रत्येक रुपया हा आपल्या अपराधाची भरपाई आहे, असे तिला वाटते, आणि ती पुन्हा अर्धपोटी राहून कर्ज फेडू लागते. हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सर्व देणी लिहून काढायची, कोणाचे किती, व्याज किती, निकड किती, आणि मग फेडीची रक्कम ठरवायची. पण त्याआधी ‘स्वतःचे जेवण’ असा एक रकाना असायचा आणि त्यातील पैशाला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही पाळायला लावतो. सावकाराच्या बाबतीत महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात त्याची तक्रार करता येते, एवढी माहितीही या स्त्रियांना नसते.

असे शिक्षण देण्यासाठी सोलापुरात नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. दर सप्टेंबरमध्ये पोषण महिना साजरा होतो, अंगणवाड्यांत पाककृतींची प्रात्यक्षिके होतात. ती गर्भवती, स्तनदा माता आणि बालकांपुरती असतात, त्यांत व्यसनातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला जागा नाही. ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ गावोगावी बचत गटांना हिशेब शिकवतात. परंतु व्यसनी म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला गटात घ्यायला इतर सदस्या कचरतात. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले आणि हातभट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्याचा प्रयत्न केला, त्याचे आपण सर्वांनी कौतुक केले. दारू गाळणाऱ्या कुटुंबाचा जसा विचार झाला, तसाच ती पिऊन खंगलेल्या स्त्रीच्या घराचाही व्हावा, एवढीच माझी मागणी आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे १९८६ पासून काम करत आहे, स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग चालवला आहे. पण सोलापूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर मुले मागे ठेवून जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांचे काय, आणि जाऊन आलेल्यांच्या पुढच्या वर्षाचे काय, याचे उत्तर आपल्यालाच शोधायचे आहे.

हे वर्ग कुठे आणि कसे घ्यावेत, याबद्दल काही सूचना आहेत. ते दवाखान्याच्या आवारापेक्षा वस्तीत, अशोक चौक, नीलम नगर, विडी घरकुल अशा भागांत भरावेत, आणि विड्या कारखान्यात देऊन स्त्रिया परतल्यानंतरची वेळ निवडावी. पूर्व भागात ते तेलुगूतूनही व्हावेत. मनातले दुःख आणि घरातले देणे माणूस आपल्या भाषेतच मोकळेपणाने सांगतो. लहान मुलांना सोबत आणण्याची मुभा असावी. वर्गाच्या नावात ‘व्यसन’ हा शब्द नसावा, म्हणजे वस्तीतल्या इतर स्त्रियाही येतील आणि कोण कशासाठी आली आहे, हे कोणाला कळणार नाही. शिकवणाऱ्यांनी उपदेश टाळून चूल पेटवावी, भाजी निवडायला घ्यावी, पावत्या मांडून बसावे. एखादी स्त्री मधे घसरली तर तिला वर्गातून काढू नये, उलट त्या आठवड्यात तिच्या घरी जावे. महापालिकेचा महिला व बालकल्याण विभाग, शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि शहरातील महाविद्यालयांचे गृहविज्ञान विभाग यांनी एकत्र बसून एका वस्तीत सुरुवात केली, तरी पुष्कळ होईल. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका या शहरात बऱ्याच आहेत, आणि बोलावले तर त्या येतील, याची मला खात्री आहे.

ज्या घरांमध्ये ही अडचण आहे, त्यांच्या माहितीसाठी सांगते की, नशामुक्तीसाठी १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे शासनाचे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. बाजार समितीतील घाऊक भाव आणि सोन्या-चांदीचे दर आपण छापता. आठवड्यातून एकदा लक्ष्मी मंडई आणि मंगळवार बाजारातील डाळी, शेंगदाणे, अंडी, पालेभाज्या यांचे किरकोळ भाव एका लहान चौकटीत द्यावेत. आमच्या वर्गात ती चौकट कापून वहीत चिकटवता येईल आणि पुढच्या आठवड्याची खरेदी तिच्यावरून ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, सोलापूर